दशावताराच्या फ्लेक्ससाठी फोटोशॉपचं ‘सिलेक्ट सब्जेक्ट’: हंगामभर वापरल्यानंतर

यंदाच्या जत्रांच्या हंगामात कुडाळ-सावंतवाडीकडच्या दशावतार मंडळांच्या फ्लेक्सचं सगळं कटिंग, म्हणजे फोटोतला कलाकार मागच्या दृश्यापासून वेगळा करणं, मी फोटोशॉपच्या ‘सिलेक्ट सब्जेक्ट’पासून सुरू केलं. फोटोतला मुख्य माणूस आपोआप निवडणारी ही सोय 2018 पासून आहे. आमच्याकडे अजून बरेचजण हाताने कड आखणाऱ्या पेन टूलनेच अख्खा माणूस कापतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. धड, हात, धोतर एका क्लिकमध्ये नीट उचललं जातं. वाडीत नेट रखडतं, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये इमेज प्रोसेसिंगला ‘क्लाउड’ऐवजी ‘डिव्हाइस’ ठेवलंय, म्हणजे काम आपल्याच संगणकावर होतं. रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

खरी कसोटी मुकुटाची. राजपार्टीच्या (राजाची भूमिका करणाऱ्याच्या) मुकुटावर मागच्या पडद्याचाच रंग चमकतो, मग तुरा अर्धवट सुटतो. तिथे ‘ऑब्जेक्ट सिलेक्शन टूल’ घ्यायचं, शिफ्ट दाबून फक्त तुऱ्याभोवती चौकोन ओढायचा. बहुतेकदा राहिलेला भाग येतो. तलवार आणि गदेला मात्र पेन टूलच. त्या कडेची धार दुसऱ्या कशाने येत नाही.

दशावतारातल्या संकासुर या राक्षसाचा फोटो सगळ्यात अवघड. काळा वेष, मागे काळोख! लेयरची कॉपी करून ती कर्व्ह्जने भरपूर उजळायची, सिलेक्शन त्या कॉपीवर करायचं आणि मग कॉपी उडवायची. सिलेक्शन तसंच राहतं, ते मूळ लेयरवर मास्क म्हणून लावायचं; मास्क बाकीचा भाग न पुसता नुसता झाकतो.

स्त्रीपार्टीच्या (स्त्रीभूमिका करणाऱ्याच्या) मोकळ्या केसांना ‘सिलेक्ट अँड मास्क’मधलं ‘रिफाइन हेअर’ फार छान चालतं. पण व्ह्यू ‘ऑन लेयर्स’ ठेवा आणि खाली फ्लेक्सचा खरा रंग आधीच टाका. पांढऱ्यावर स्वच्छ दिसणारी कड गडद लाल फ्लेक्सवर फिकट रेघ होऊन उठते, आणि आठ फुटी छपाईत ती लांबूनही दिसते. केसांत पडद्याचा निळा उतरला असेल तर ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ लावा. त्याने कडेचे रंगच बदलतात, म्हणून आउटपुट ‘न्यू लेयर विथ लेयर मास्क’ घ्यावं.

फोटो काढायला स्वतः जात असाल तर कलाकाराला पडद्यापासून चार पावलं पुढे उभं करा आणि मागून थोडा उजेड द्या. निम्मं कटिंग तिथेच होतं.

इरेझरने काही पुसू नका. मास्क असलेली पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) जपून ठेवली की पुढच्या जत्रेला मंडळाने तोच राजा पिवळ्या फ्लेक्सवर मागितला तरी फक्त खालचा रंग बदलून कड एकदा तपासायची.