जलपर्णी: टू-फोर-डी, ग्लायफोसेट की नुसता दोर?

शेततळ्यावर जलपर्णी पसरली की सल्ला देणारे बांधावर हजर. एक म्हणतो टू-फोर-डी मारा, दुसरा म्हणतो ग्लायफोसेट; दोन्ही तणनाशकं. मी आधी एवढंच विचारतो: या तळ्याचं पाणी जातं कुठं?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बरीचशी शेततळी आहेतच मुळी द्राक्ष-डाळिंबाच्या ठिबकासाठी. आणि द्राक्षवेल टू-फोर-डीला फार हळवी. शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलेला फवारासुद्धा तिला पुरतो. पानं पंख्यासारखी आखडतात, शेंडे वाकडे होतात. मग तेच औषध तळ्यात टाकून ठिबकानं मुळाशी सोडायचं? कापूस आणि टोमॅटोचीही तीच गत. तळ्याखाली नुसता ऊस किंवा ज्वारी असेल तर गोष्ट वेगळी, कारण हे औषध रुंद पानांवर चालतं, गवतवर्गीय पिकं ते बरंचसं सोसतात. तेव्हाही टू-फोर-डीचा अमाइन प्रकार घ्या, एस्टर नको. आपल्या उन्हात एस्टरची वाफ होऊन ती लांब जाते, शिवाय माशांनाही ते जास्त बाधतं.

ग्लायफोसेट बागेला त्या मानानं कमी धोक्याचं, कारण मातीला चिकटलं की निकामी होतं. पण हाच गुण पंपात नडतो: गढूळ पाण्यात कालवलं तर पैसे वाया. बोअरचं जड, क्षाराचं पाणीही त्याची ताकद मारतं, आणि आपल्याकडं गोड्या पाण्याचा बोअर शोधावाच लागतो! पान लगेच जळत नाही. पिवळं पडून मरायला दोन-तीन आठवडे धरा. दुसरी अडचण कायद्याची. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत (परवानाधारक फवारणी करणाऱ्यांमार्फत) वापरायची मुभा ठेवली. म्हणजे स्वतः पंप पाठीवर घ्यायचा विषयच नाही.

तळ्यात रोहू-कटला सोडलेत? मग कुठलंही औषध असो, सगळं तळं एका दिवसात मारू नका. मेलेली जलपर्णी सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढते आणि पहाटे मासे तोंड वर काढून तरंगायला लागतात. एक तृतीयांश भाग मारा, मेलेलं बाहेर ओढा, दोन-तीन आठवड्यांनी पुढचा भाग.

हायड्रिला या पाण्याखालच्या तणावर मात्र ही दोन्ही औषधं कामाची नाहीत. तिथं हे तण खाणारा गवत्या मासा (ग्रास कार्प) बरा.

आता दोर, म्हणजे जलपर्णी हातानं ओढून काढणं. हिरवी जलपर्णी हेक्टरी दोनशे टनांच्या पुढंही भरते. तीस बाय तीस मीटरचं तळं गच्च भरलं असेल तर अठरा टन ओला माल झाला, पण त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात जेसीबी घातला तर कागद फाटणार, म्हणून दोर, गळ आणि चार माणसं. मजुरी लागते खरी, तरी द्राक्षाच्या तळ्याला मी हेच सांगेन. वैशाखात पाणी खाली गेलेलं असताना काढा, आणि फुलं येण्याआधी, कारण गाळात पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ढीग काठापासून लांब लावा, नाहीतर पहिल्या पावसात सगळं परत आत. खत चांगलं होतं.

सोलापूर शहरातल्या कंबर तलावात जलपर्णी पुन्हा पुन्हा दिसते, तिला पोसणारं नत्र-स्फुरद सांडपाण्यातून येतं. तुमच्या तळ्यात ते खताच्या रानातून येणाऱ्या चारीनं येत असेल. ती चारी आधी वळवा.