लांब आयर्नच्या जागी 22 अंशांचा हायब्रीड : काळ्या जमिनीवरील एका हंगामाचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावाहून नागपूरकडील गोल्फच्या मैदानावर जाऊन यायचे तर सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास होतो. त्यामुळे मैदानावर महिन्यातून दोनदाच जाणे होते आणि बाकीचा सराव स्वतःच्या वावरात, धुऱ्यालगतच्या पडीत पट्ट्यावर चालतो. गेल्या माघात पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाल्यावर मी त्या पट्ट्यात दर दहा मीटरला खुंटी ठोकली आणि प्रत्येक क्लबने (गोल्फच्या काठीने) दहा-दहा चेंडू मारून अंतरे मोजली. 5 नंबरचे आयर्न (पातळ धातूच्या पात्याचा क्लब) सरासरी 145 मीटर, 4 नंबरचे 149 आणि 3 नंबरचे 147 असा हिशेब निघाला. नंबर कमी तसे अंतर वाढायला हवे, ते जवळजवळ वाढतच नव्हते. म्हणजे वर्षानुवर्षे बॅगेत वागवलेल्या दोन क्लबांचा मला काहीही उपयोग होत नव्हता.

याचे कारण समजून घेतल्याशिवाय हायब्रीड (आयर्न आणि मोठ्या फुगीर डोक्याचा वुड यांच्या मधला क्लब) निवडणे व्यर्थ आहे. लांब म्हणजे कमी नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेस (चेंडूला भिडणारी बाजू) मागे कललेला असण्याचा कोन, कमी असतो (माझ्या जुन्या संचात 3 नंबरचा 21 आणि 4 नंबरचा 24 अंश) आणि वजन पातळ पात्यात फेसच्या अगदी मागेच साठलेले असते. असा चेंडू पुरेसा वर चढवायला स्विंगला चांगला वेग लागतो, आणि चौपन्नाव्या वर्षी तो माझ्याजवळ नाही. हायब्रीडचे डोके मागे फुगीर असल्याने त्याचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे सरकतो. परिणामी त्याच लॉफ्टला चेंडू अधिक उंच उडतो, आणि फटका फेसच्या मधोमध बसला नाही तरी अंतर फारसे घटत नाही.

दुकानदाराचा सल्ला नंबराला नंबर असा होता : 3 च्या जागी 3, 4 च्या जागी 4. तो मी मानला नाही, आणि इतरांनीही मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हायब्रीडचा शाफ्ट (दांडा) त्याच नंबरच्या आयर्नपेक्षा साधारण इंचभर लांब असतो, शिवाय नंबर आणि लॉफ्ट यांचे नाते प्रत्येक कंपनीत निराळे असते. खरेदी करताना डोक्याच्या तळाशी कोरलेले अंश पाहावेत आणि आपल्या अंतरांतली फट कुठे आहे ते पाहावे. माझा 18 अंशांचा 5 नंबरचा वुड 175 मीटर जातो, तेव्हा 19 अंशांचा हायब्रीड त्याच्याच अंतरावर येऊन पडला असता. 22 अंशांचा घेतला तो 162 मीटर जातो, म्हणजे 145 आणि 175 यांच्या जवळजवळ मधोमध. दोन आयर्न गेली, एक हायब्रीड आला, आणि 14 क्लबांच्या मर्यादेत एक जागा मोकळी झाली, ती मी 54 अंशांच्या वेजला (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबला) दिली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला गुण मात्र आपल्या जमिनीशी संबंधित आहे. काळी कसदार माती चैत्रापर्यंत भेगाळून दगडासारखी टणक होते. अशा जमिनीवर लांब आयर्नची धारदार कड जराशी आधी टेकली तरी क्लब उसळतो आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. हायब्रीडचा तळ रुंद आणि गोलसर असल्याने तो आत न रुतता घसरत पुढे जातो. पावसाळ्यात मात्र चिकट माती त्याच रुंद तळाला लगदून बसते, म्हणून ओले फडके जवळ ठेवावे लागते आणि प्रत्येक फटक्यानंतर पुसावे लागते.

पहिले दोन आठवडे माझे चेंडू सतत डावीकडे जात होते. मी उजव्या हाताने खेळतो, आणि अनेक हायब्रीडचा फेस किंचित बंद व दांड्याचा कोन उभट असतो, हे एक कारण. दुसरे कारण माझे स्वतःचे होते : वुडप्रमाणे चेंडू डाव्या टाचेजवळ ठेवून मी तो झाडूसारखा लोटत होतो. चेंडू मध्यापासून जेमतेम एक-दोन चेंडूंएवढा पुढे ठेवून, आयर्नप्रमाणे थोडा खाली मारल्यावर दिशा सुधारली. शाफ्टचे वजनही जपून पाहावे, कारण आयर्नच्या जड स्टील शाफ्टची सवय असलेल्या हाताला फार हलका ग्राफाइट शाफ्ट वेळेआधी वळवतो. मी ऐंशी ग्रॅमच्या आसपासचा घेतला आणि ग्रिप अर्धा इंच खाली धरतो.

ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेलाही हा क्लब कामी येतो. 2004 च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल ट्रून येथे टॉड हॅमिल्टनने एर्नी एल्सविरुद्धच्या प्लेऑफच्या (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळाच्या) शेवटच्या होलवर ग्रीनबाहेरून हायब्रीडनेच चेंडू घरंगळत होलपाशी नेला होता. तोच फटका, पटरप्रमाणे (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबप्रमाणे) खांदे हलवून, मी खडबडीत कडेवरून खेळतो आणि वेजपेक्षा माझ्या चुका कमी होतात.

वैशाखातील दुपारच्या वाऱ्यासमोर हा उंच जाणारा चेंडू अडतो आणि पंधरा-वीस मीटर तरी आधीच खाली येतो. तेथे मी 5 नंबरच्या आयर्नने बुटका फटका मारून कमी अंतर पत्करतो. त्यामुळे 26 अंशांचा दुसरा हायब्रीड घेऊन ते आयर्नही काढावे, हा मैदानावरील मित्रांचा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवला आहे. पुढच्या माघात वावर पुन्हा मोकळे झाले की खुंट्या ठोकून आयर्न आणि हायब्रीड दोन्हींची अंतरे वाऱ्यात आणि वाऱ्याविना मोजेन, आणि मगच पैसे खर्च करीन.