फौजी कुटुंबाचे पहिले घर: गाव, सातारा की पुणे?

माझे पती सैन्यात हवालदार आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली. पण सलग दोन वर्षे आम्ही एका छपराखाली राहिलो ते एकदाच, एका पीस स्टेशनवरच्या (म्हणजे सीमेपासून दूरच्या, कुटुंब सोबत नेता येते अशा ठाण्यावरच्या) फॅमिली क्वार्टरमध्ये. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेल्या दोन काळ्या लोखंडी ट्रंका तेव्हापासून पलंगाखाली आहेत, आणि त्यांतल्या एकीचे कुलूप मी अजून उघडलेले नाही, कारण आतले सामान मांडायला आपली म्हणावी अशी भिंतच नव्हती. गेल्या वर्षी घर घ्यायचे ठरले आणि तीन पर्याय समोर आले: सासरच्या गावी वडिलोपार्जित जागेत बांधकाम, साताऱ्यात फ्लॅट, किंवा पुण्यात धानोरी-लोहगावच्या बाजूला फ्लॅट. सैन्याच्या गृहनिर्माण संस्थेचा आणि म्हाडाचा विचारही झाला. ज्यांना असाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी या पर्यायांची मांडणी येथे करीत आहे.

आधी मोजपट्टी सांगते. घर घेताना लोक भाव, परिसर आणि भविष्यातली किंमत पाहतात. फौजी कुटुंबाने त्याआधी एक गोष्ट पाहावी: वर्षाचे नऊ-दहा महिने या घराचा कारभार कोण चालवणार आहे. जवानाला वर्षाला साधारण 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची आकस्मिक रजा असते, आणि तीही एकत्र मिळतेच असे नाही. पाण्याची मोटर जळाली, शेजाऱ्याने बांध सरकवला किंवा सोसायटीची नोटीस आली, तर तो प्रसंग निभावणारी व्यक्ती बहुधा पत्नी असते. म्हणून मी प्रत्येक पर्याय याच नजरेने तपासला, आणि त्यामुळे जो पर्याय स्वस्त वाटत होता तो महाग निघाला.

गावातले घर

सासरच्यांचा आग्रह गावाचा होता आणि तो नैसर्गिकही आहे. जमीन विकत घ्यावी लागत नाही, माणसे ओळखीची असतात आणि निवृत्तीनंतर परतायचे ते ठिकाण तेच असते. शिवाय सातारा जिल्ह्यात फौजेत जाण्याची परंपरा इतकी जुनी आहे की मिलिटरी अपशिंगे हे गाव त्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा फौजी माणसाने गावात माडी बांधावी ही अपेक्षा हवेतच असते. मलाही अंगणाची ओढ आहे, हे नाकारत नाही.

अडचण जागेच्या नावाची आहे. आमची जागा सासऱ्यांच्या नावे आहे आणि पतीला दोन भाऊ आहेत. बापाच्या जागेवर मुलाने स्वतःच्या पगारातून घर बांधले, तरी जागा बापाचीच राहते, आणि पुढे वारसांच्या नोंदी लागताना ते घर कोणाच्या पैशाने उभे राहिले हे सात-बारावर कुठेही लिहिलेले नसते. फौजीच्या बाबतीत हा मुद्दा केवळ हिशेबाचा नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, पण सासरे हयात असेपर्यंत ती फक्त नवऱ्याच्या मालमत्तेची. सासऱ्याच्या जमिनीवरच्या घरात तिचा वाटा सिद्ध करायला तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. आमच्या नात्यात असे एकदा घडले आहे, म्हणून मी इतके स्पष्ट लिहीत आहे. बांधकामाचा पहिला ट्रक वाळू उतरवण्याआधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा भावांचे हक्कसोडपत्र करून फेरफार मंजूर करून घेता येत असेल, तर गावचा पर्याय विचारात घ्यावा. नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन राखूनही तो पुढे ढकलावा.

दुसरी अडचण कर्जाची. गावठाणातल्या घराला अनेकदा ग्रामपंचायतीचा नमुना 8 एवढाच कागद असतो आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेला तो पुरत नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या मिळकतींना मालमत्ता पत्रक मिळू लागले आहे, त्यामुळे ज्या गावात ते मिळाले आहे तिथे परिस्थिती सुधारली आहे. तिसरी अडचण देखरेखीची: गवंडी, सळई, पाणी मारणे हे सगळे रजेत बसत नाही, आणि फोनवरून बांधलेल्या घराचे स्लॅब बहुधा गळतात.

याच सदरात गुंठेवारीच्या प्लॉटबद्दल एक सूचना. रजेवर आलेल्या फौजीकडे पैसे असतात आणि वेळ नसतो, हे एजंटांना पक्के ठाऊक असते. बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन नसलेला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा कितीही रस्त्यालगत असला तरी घेऊ नये. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे अशा व्यवहारांची नोंद अडकलेली असंख्य कुटुंबे जिल्ह्यात सापडतील.

सातारा आणि पुणे

खरी तुलना या दोघांत झाली. पुण्याच्या बाजूने पारडे जड करणाऱ्या गोष्टी उघड आहेत: नोकऱ्या, महाविद्यालये, वानवडीचे कमांड हॉस्पिटल, आणि पोस्टिंग दुसरीकडे असताना घर भाड्याने देण्याची सोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये भाड्याने दिलेले घर स्वतःच्या वास्तव्यासाठी परत मिळवण्याची सैनिकांसाठी वेगळी तरतूद कलम 23 मध्ये आहे आणि त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या बहुतेक फौजींना ठाऊक नव्हती. मात्र करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, तेव्हा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोटरीवर भागवू नये.

आता खर्च. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि खरेदीदार केवळ स्त्री असेल तर 6 टक्के आहे. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. म्हणजे 45 लाखांच्या फ्लॅटवर पतीच्या किंवा दोघांच्या नावे 3,45,000 रुपये आणि माझ्या एकटीच्या नावे 3,00,000 रुपये. ही 45,000 रुपयांची बचत मोहात पाडणारी आहे, परंतु कर्ज पतीच्या पगारावर असेल तर त्यांचे नाव मालकीत हवे की नाही हे बँकेला करारनाम्याआधीच विचारावे.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर लागत नाही. किंमत 45 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर पुण्या-साताऱ्यात हा कर 1 टक्का आहे, त्यापुढे 5 टक्के. याचा अर्थ 45 लाखांच्या घरावर 45,000 आणि 46 लाखांच्या घरावर 2,30,000. बिल्डर पार्किंग आणि इतर शुल्के वेगळी सांगतो आणि ती मिळवल्यावर आकडा 45 लाखांची रेषा ओलांडतो, म्हणून एकूण रक्कम लेखी मागावी. आम्ही पाहिलेल्या एका प्रकल्पात विक्री कार्यालयाने तोंडी सांगितलेली किंमत आणि कागदावरची किंमत यांत तीन लाखांचा फरक होता.

आमच्या मोजपट्टीवर मात्र पुणे कमी पडले. धानोरी-लोहगाव भागात सैन्याची आणि हवाई दलाची माणसे पुष्कळ आहेत, पण माझे कोणी नाही. साताऱ्यात माहेर अर्ध्या तासावर आहे आणि सासर एका तासावर. मूल रात्री तापाने फणफणले तर पुण्यात मी कोणाला उठवणार, हा प्रश्न मला चौरस फुटाच्या भावापेक्षा मोठा वाटला. ज्या कुटुंबात पत्नी पुण्यात नोकरी करते किंवा मुले अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांचा निर्णय उलटा येईल आणि तो बरोबरच असेल. घरभाडे भत्त्यासाठी पुणे एक्स वर्गात आणि सातारा झेड वर्गात आहे. 2024 पासूनचे दर मूळ वेतनाच्या 30 आणि 10 टक्के आहेत. हा फरक लहान नाही, परंतु क्वार्टर मिळाले की भत्ता थांबतो, म्हणून वीस वर्षांच्या हप्त्याचा हिशेब त्यावर बांधू नये.

संस्था आणि म्हाडा

आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही 1978 पासून ना नफा तत्त्वावर घरे बांधते. पुण्यातले साळुंके विहार ही तिचीच वसाहत. शेजार आपल्यातला मिळतो आणि हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार असतात, हा मोठा दिलासा आहे. पण योजना जिथे निघेल तिथेच घर घ्यावे लागते, ताबा मिळायला वर्षे लागतात, आणि ‘आर्मीचे आहे म्हणजे पक्के’ या समजुतीवर डोळे मिटू नयेत: कोचीतल्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सच्या तीनपैकी दोन इमारती असुरक्षित ठरल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या पाडून नव्याने बांधण्याचा आदेश दिला.

म्हाडाच्या पुणे मंडळात साताराही येतो आणि सोडतीत सैनिकांसाठी राखीव घरे असतात. अर्ज अवश्य करावा, पण सोडतीवर मुलांची शाळा ठरवता येत नाही.

हप्ता आणि निवृत्तीचे वय

नागरी नोकरदार साठीपर्यंत हप्ता भरतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला हवालदार चव्वेचाळिशी-पंचेचाळिशीला घरी येतो, आणि शिपाई त्याहून बराच आधी. समजा 30 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 26,035 रुपये येतो. सेवेची आठ वर्षे उरली असतील तर निवृत्तीच्या दिवशी जवळजवळ साडेतेवीस लाख देणे शिल्लक असते, आणि पेन्शन शेवटच्या वेतनाच्या साधारण निम्मी असते. पेन्शनचा 50 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण तो भाग 15 वर्षांनंतरच पूर्ववत होतो. तेव्हा ग्रॅच्युइटी आणि ही रक्कम कर्जात घालणार असाल तर मुलीचे शिक्षण कशातून करायचे हे त्याच वहीत लिहून ठेवावे. आम्ही म्हणून कर्ज 20 लाखांवर आणि मुदत दहा वर्षांवर आणली. हप्ता 24,797 रुपये, म्हणजे मोठ्या कर्जाच्या लांब हप्त्याहून किंचित कमीच. उरलेली रक्कम पतीच्या एएफपीपी फंडातून (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीतून) आणि माझ्या दागिन्यांतून आली. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडही सदस्यांना गृहकर्ज देतो, त्याचा दर बँकेशी ताडून पाहावा. अग्निवीरांनी मात्र चार वर्षांच्या पगाराच्या भरवशावर घराचा विचार करू नये. कायम होण्याची शक्यता चारांत एकाची आहे आणि पेन्शन नाही.

आम्ही शेवटी साताऱ्यात भोगवटा प्रमाणपत्र असलेला, पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट निवडला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तो स्वस्त मिळाला असता आणि महारेराच्या नियमानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही हेही खरे. पण ताबा लांबला असता तर कार्यालयाचे खेटे मलाच घालावे लागले असते.

एक कागद मात्र रजा संपण्याआधी करून घ्या. नोंदणीच्या दिवशी पती सीमेवर असतील तर त्यांच्या वतीने दस्त सादर करायला मुखत्यारपत्र लागते, आणि 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 नुसार ते दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित झालेले असावे लागते. युनिटमधल्या साहेबांच्या सही-शिक्क्याचा कागद तिथे चालत नाही. आमची पहिली तारीख याच कारणाने गेली. पती पुढच्या रजेवर आले तेव्हा स्टेशनवरून घरी न जाता आधी निबंधक कार्यालयात गेलो, खांद्यावरची पिशवी त्यांनी तशीच बाकड्याखाली सरकवली आणि टोकन क्रमांक 14 ची वाट पाहत बसलो.