लेटरमन, कोनन की नॉर्टन: पाहुणा कुणाकडे खुलतो?

"दादा, रात्री जेवणं आटोपली की तासभर मोकळा मिळतो. ते परदेशी लेट-नाइट शो, म्हणजे रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम, पाहायला सुरुवात करायची आहे. कुणापासून करू?" मावसभावाचा हा फोन आला तेव्हा मी विचार न करता 'कोनन' म्हणालो, म्हणजे अमेरिकन सूत्रसंचालक कोनन ओब्रायन. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागली. त्याला विनोदवीर पाहायचे आहेत की सिनेमातले तारे, हे मी विचारलंच नव्हतं, आणि खरी निवड तर त्यावरच ठरते. चाहत्यांमध्ये 'सर्वांत मोठा सूत्रसंचालक कोण' या वादावर रात्रीच्या रात्री जातात. मीही त्यात तावातावाने भांडलोय. पण नव्याने पाहायला बसणाऱ्याला त्या वादाचा उपयोग नाही. त्याने एवढंच बघावं, की समोरच्या सोफ्यावर बसलेला माणूस कुणाकडे जास्त खुलतो.

त्याआधी या गप्पा बनतात कशा ते सांगतो. पाहताना त्या उत्स्फूर्त वाटतात, पण त्यांची तयारी आधीच झालेली असते. निर्मात्यांच्या चमूतला एकजण पाहुण्याशी आधी बोलून दोन-तीन चांगले किस्से काढून घेतो आणि ते सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डांवर उतरतात. "मध्यंतरी तुम्ही म्हणे मासे पकडायला गेला होतात?" हा प्रश्न त्या कार्डावरून येतो. मोठ्या पाहुण्याला जाहिरातींच्या मधे सहा-सात मिनिटांचे दोन तुकडे मिळतात, शेवटी नव्या सिनेमाची झलक दाखवली जाते, टाळ्या, पुढचा पाहुणा. अमेरिकेत ही चौकट सगळीकडे जवळपास सारखीच आहे. त्यामुळे माझी कसोटी एकच: ठरलेला किस्सा पडला, किंवा पाहुण्याने ठरलेली वाट सोडली, तर टेबलामागचा माणूस काय करतो?

अमेरिकेचा डेव्हिड लेटरमन तिथेच थांबतो आणि बघत राहतो. पाहुण्याला सावरून घेण्याची घाई त्याला कधीच नसते. फेब्रुवारी २००९ मध्ये अभिनेता वाकीन फीनिक्स लांब दाढी आणि काळा चष्मा लावून आला आणि धड एका प्रश्नाचं उत्तर देईना. दुसरा कुणी असता तर विषय बदलून, हसून वेळ मारून नेली असती. लेटरमनने प्रत्येक तुटक उत्तराला नवा प्रश्न लावला आणि शेवटी, आज तुम्ही इथे येऊ शकला नाहीत याचं वाईट वाटतं, असं म्हणून निरोप दिला. हे पाहताना श्वास अडकतो. १९८२ साली विनोदवीर अँडी कॉफमन आणि कुस्तीगीर जेरी लॉलर त्याच्याकडे आले होते. लॉलरने कॉफमनच्या सणसणीत मुस्काटात मारली आणि कॉफमनने त्याच्या अंगावर कॉफी फेकली. पुढे ते सगळं ठरवून केलेलं होतं हे उघड झालं, तरी आजही पाहताना ते खरंच वाटतं, कारण त्या स्टुडिओत काहीही घडू शकतं ही खात्री लेटरमनने आधीच निर्माण केलेली होती.

फेब्रुवारी १९८२ ते मे २०१५ अशी तेहतीस वर्षं त्याने दोन वाहिन्यांवर मिळून हे काम केलं. पहिल्या वाहिनीवर, म्हणजे एनबीसीवर, पहिला पाहुणा अभिनेता बिल मरे होता. १९९३ मध्ये सीबीएसवर गेला तेव्हाही पहिला पाहुणा बिल मरेच. आपल्याकडच्या अनेकांना लेटरमन आठवतो तो २००५ च्या ऐश्वर्या रायमुळे. मोठी झालेली मुलं भारतात आईवडिलांसोबतच राहतात का, असं त्याने विचारलं. आईवडिलांसोबत जेवायला आम्हाला त्यांची वेळ ठरवून घ्यावी लागत नाही, अशा अर्थाचं उत्तर तिने हसत हसत दिलं आणि सगळा स्टुडिओ तिच्या बाजूने झाला. त्या मुलाखतीबद्दल आपल्याकडे बहुतेक लोक तिचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण तो प्रश्न खोचक होता म्हणून ते उत्तर उभं राहिलं, हेही मला सांगावंसं वाटतं. गोड प्रश्न विचारणाऱ्याकडे तिचा तो हजरजबाबीपणा कुणाला दिसलाच नसता.

लेटरमनच्या बाबतीत एक प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर १९९३ मध्ये बिल हिक्स या विनोदवीराने त्याच्याकडे स्टँड-अप सादर केलं आणि प्रक्षेपणाच्या आधी तो संपूर्ण भाग कापला गेला. पुढच्या फेब्रुवारीत हिक्स कर्करोगाने गेला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. २००९ मध्ये लेटरमनने हिक्सच्या आईला कार्यक्रमात बोलावलं, तो निर्णय आपला होता आणि चूक होती असं तिच्यासमोर कबूल केलं, तिची माफी मागितली आणि कापलेला तो भाग पूर्ण दाखवला. एवढ्या वर्षांनंतर आपल्याच कार्यक्रमाचं पाप असं चारचौघांत मान्य केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. लेटरमन कोरडा, तुसडा आहे असं म्हणणाऱ्याने हा भाग पाहावा.

आता कोनन. १९९३ च्या सप्टेंबरात लेटरमनची एनबीसीवरची रिकामी झालेली जागा त्याला मिळाली. त्याआधी तो पडद्यामागचा लेखक होता, प्रेक्षकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. समीक्षकांनी पहिलं वर्षभर त्याला झोडपलं. तेव्हा १९९४ च्या सुरुवातीला स्वतः लेटरमन त्याचा पाहुणा म्हणून येऊन बसला आणि मोकळेपणाने कौतुक करून गेला. दोघांपैकी एकाची बाजू घेऊन भांडणारे चाहते हे विसरतात.

विनोदवीर पाहायचे असतील तर कोननला तोड नाही, हे माझं मत मी कुणासमोरही मांडेन. मैफलीत चांगला तबलजी गवय्याला जागा करून देतो, समेवर हसून दाद देतो, तसा कोनन विनोदवीराला साथ करतो. स्वतः विनोदी लेखक असल्यामुळे समोरच्याच्या डोक्यात पुढची ओळ शिजतेय हे त्याला आधीच कळतं आणि तो बाजूला होतो. १९९७ मधला एक तुकडा चाहत्यांना पाठ आहे. अभिनेत्री कोर्टनी थॉर्न-स्मिथ तिच्या आगामी सिनेमाबद्दल सांगत होती. तिच्या आधीचा पाहुणा, विनोदवीर नॉर्म मॅक्डॉनल्ड, शेजारीच सोफ्यावर बसलेला. कोननकडे जुना पाहुणा उठून जात नसे, बाजूला सरकायचा, त्याचा हा फायदा. नॉर्म मधेमधे त्या सिनेमाची अशी चंपी करू लागला की मुलाखत तिची आहे हे सगळे विसरले. सिनेमाच्या नावात 'बोर्ड' हा शब्द होता. या नावावर काय विनोद करशील ते करून दाखव, असं कोननने नॉर्मला डिवचलं. नॉर्मने क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, की त्यातल्या बोर्डचं स्पेलिंग 'कंटाळलेला' या अर्थाच्या शब्दाचं आहे. कोनन टेबलावर कोसळला. थॉर्न-स्मिथही खळखळून हसली, आणि तिच्या त्या दिलदारपणामुळे तो तुकडा आज इतका प्रिय आहे.

त्याच नॉर्मचा २००९ मधला पतंगाचा विनोद. दिव्यावर झेपावतो तो पतंग. हा पतंग पायाच्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्या आयुष्याची कर्मकहाणी सांगू लागतो: नोकरी, बायको, मुलं, थंडीत गेलेली लेक. मूळ विनोद दोन-चार वाक्यांचा. नॉर्मने तो काही मिनिटं ताणला. प्रेक्षक चुळबुळत राहिले आणि कोनन शेवटपर्यंत त्याला वाट मोकळी ठेवत गेला. शेवट मी सांगत नाही, तो नॉर्मच्या तोंडूनच ऐकायचा.

कोननकडे पाहुण्याशी वर्षानुवर्षांचं नातंही तयार होतं. अभिनेता पॉल रड २००४ पासून नव्या सिनेमाची झलक आणली असं गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि दर वेळी १९८८ च्या एका पडेल सिनेमातला तोच तुकडा दाखवतो: चाकाची खुर्ची कड्यावरून घरंगळत पाण्यात पडते. कोननला माहीत असतं की फसवणूक होणार आहे, तरी तो पुन्हा फसतो. पुढे पॉडकास्टवरसुद्धा रडने हेच केलं. सिनेमाचा तारा आपल्या प्रसिद्धीच्या वेळात प्रसिद्धीचीच थट्टा करतो, त्याला परवानगी देणारा यजमान असावा लागतो.

कोननची उणीव सांगायची तर ती नटांच्या बाबतीत जाणवते. समोरचा स्वतः विनोदी नसेल तर कोनन पोकळी भरायला स्वतःच विनोद करत सुटतो आणि पाहुणा प्रेक्षक होऊन बसतो. ही खोड पॉडकास्टवर खूप कमी झाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या पॉडकास्टमध्ये जाहिरातीची घंटा डोक्यावर नसते, त्यामुळे तो ऐकतोही जास्त. कानात लावून ऐकायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

ताऱ्यांसाठी मात्र थेट लंडन गाठावं. ग्रॅहम नॉर्टनचा बीबीसीवरचा कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. त्याची युक्ती साधी आहे: सगळे पाहुणे एकाच सोफ्यावर, एकाच वेळी, हातात पेयाचा ग्लास. एकट्या ताऱ्याला सूत्रसंचालकाशीच बोलायचं असतं, तिथे तो पाठ केलेलं बोलतो. चौघांच्या पंगतीत तो दुसऱ्याचं ऐकतो, हसतो, मधेच स्वतःची आठवण काढतो. रॉबर्ट डी नीरो शेजारी बसलेला असताना टॉम हिडलस्टनने डी नीरोचीच नक्कल केली. त्या क्षणी मी नक्कल करणाऱ्याकडे बघतच नव्हतो, माझे डोळे डी नीरोच्या चेहऱ्यावर होते. मुलाखतीत एकेका शब्दात उत्तर देणारा म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस हसत होता. शिवाय नॉर्टन त्या सोफ्यावर बऱ्याचदा एखादा ब्रिटिश किंवा आयरिश विनोदवीर बसवतो. हॉलिवूडच्या वजनाने हवा जड झाली की तो ती हलकी करतो. मिरियम मार्गोलीजसारखी ज्येष्ठ अभिनेत्री असली तर त्याचीही गरज पडत नाही. ती काय बोलेल याचा नेम नसतो आणि शेजारचे तारे तोंडावर हात ठेवून ऐकत असतात.

नॉर्टनचा कार्यक्रम आधी लांब चित्रित करून मग छाटला जातो, म्हणून तो इतका भरगच्च लागतो. याच कारणाने तिथे लेटरमनसारखी अवघडलेली शांतता कधी मिळणार नाही, आणि विनोदवीराला पाच-सात मिनिटं एकट्याने फुलवायलाही मिळणार नाहीत. पतंगाचा विनोद त्या सोफ्यावर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी तोडला असता.

अलीकडच्या अमेरिकन कार्यक्रमांवर फार शब्द खर्च करण्याची माझी इच्छा नाही. जिमी फॅलन ताऱ्यांशी खेळ खेळतो, गाणी म्हणवतो. तीन मिनिटं मन रमतं, माणूस कळत नाही. जिमी किमेल २००३ पासून आहे आणि सुरुवातीचं भाषण चांगलं करतो. स्टीफन कोलबेअर राजकारणी आणि लेखकांशी उत्तम बोलतो, विशेषतः दुःखाबद्दल. त्याचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करण्याचं सीबीएसने जुलै २०२५ मध्येच जाहीर केलं. असे कार्यक्रम तिकडे रात्री ११.३५ ला लागतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊ-दहाला. त्यामुळे तुकडे चहाच्या वेळेला हाती येतात.

क्रेग फर्ग्युसनला मात्र वगळता येत नाही. २००५ ते २०१४ या काळात तो मध्यरात्रीनंतरच्या वेळेत होता आणि मी वर सांगितलेली कार्डं पाहुणा बसल्या बसल्या फाडून टाकायचा. मग गप्पा जातील तिकडे जायच्या, जोडीला एक बोलणारा सांगाडा-यंत्रमानव. त्याच माणसाने २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासोबत असा तास रंगवला की त्या भागाला पीबडी हा दूरचित्रवाणीतला मानाचा पुरस्कार मिळाला. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला त्याची लय लागायला वेळ लागतो, म्हणून त्याला महिनाभराने घ्या.

शेवटी मावसभावाला मी पुन्हा फोन केला आणि असा क्रम दिला. शुक्रवारी रात्री घरचे सगळे एकत्र बसणार असतील तर नॉर्टन, कारण तिथे हॉलिवूडमधले ओळखीचे चेहरे शोधणाऱ्या काकूलाही धरून ठेवणारं काहीतरी असतं. अर्थात काही किस्से चावट असतात, त्याची तयारी ठेवावी. एकट्याने झोपण्यापूर्वी वीस मिनिटं हसायचं असेल तर कोनन, आणि त्यातही पाहुणा विनोदवीर असलेलेच भाग. मुलाखत म्हणजे काय हे शिकायचं असेल तर लेटरमन. जुने भाग कंटाळवाणे वाटले तर २०१९ मध्ये त्याने शाहरुख खानची घेतलेली दीर्घ मुलाखत नेटफ्लिक्सवर आहे. तिच्यासाठी तो मुंबईत 'मन्नत'वरही आला होता. तिथला म्हातारा लेटरमन पाहून मग मागे जाता येतं.

आणि एक तुकडा मी त्याला राखून ठेवायला सांगितला. मे २०१५, लेटरमनच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले. नॉर्म मॅक्डॉनल्ड स्टँड-अप करायला येतो, कधीही भावुक न होणारा नॉर्म. विनोद संपल्यावर तो तेरा वर्षांचा असताना कॅनडातल्या स्टुडिओत लेटरमनला पहिल्यांदा पाहिल्याची आठवण सांगतो. लेटरमनला हळवेपणा आवडत नाही हे त्याला माहीत आहे, तसं तो म्हणतोही. मग त्याचा आवाज फाटतो, आणि तो लेटरमनला आपलं त्याच्यावर प्रेम आहे असं सांगून टाकतो. सहा वर्षांनी नॉर्मही गेला. पतंगाचा विनोद आधी बघ आणि हे त्यानंतर, एवढं मावसभावाला बजावून मी फोन ठेवला.