अंडर-१७ की अंडर-२०? एकाच वर्ल्ड कपला वेळ देता येत असेल तर

ज्याला दोन्ही बघणं जमतं त्याने खुशाल दोन्ही बघावेत. पण नोकरी, घर आणि गावच्या क्लबातली पोरं सांभाळून फुटबॉलच्या एकाच युवा वर्ल्ड कपला धड वेळ देता येतो, अशा गोवेकरासाठी हा हिशेब मांडला आहे. माझा कल शेवटी कळेलच, पण अंडर-२०च्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

आधी घड्याळाचं मिटवू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो आणि तो चुकतो. कतार आपल्या अडीच तास मागे. तिथल्या २०२५च्या अंडर-१७ स्पर्धेतले सामने आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचे. चिली त्या वेळी साडेआठ तास मागे होतं. तिथे झालेल्या २०२५च्या अंडर-२० स्पर्धेची अंतिम लढत आपल्याकडे २० ऑक्टोबरच्या पहाटे साडेचारला सुरू झाली, म्हणजे नेमकी नरकासुर जाळायच्या वेळी. गोव्यातली पोरं जागी होती खरी, पण मोबाइलकडे बघायला फुरसत कुणाला? तरीही जागरणाच्या भीतीने अंडर-२० बाद करू नका. २०२७ची स्पर्धा अझरबैजान आणि उझबेकिस्तानात आहे. एक देश आपल्या दीड तास मागे, दुसरा अर्धा तास. तेव्हा ही तक्रारच उरणार नाही.

आता पसारा. अंडर-१७ मध्ये ४८ संघ, १२ गट, १०४ सामने, आणि २०२५ ते २०२९ दरवर्षी कतारमध्ये. अंडर-२० मध्ये २४ संघ, ५२ सामने, दोन वर्षांतून एकदा. या बाबतीत अंडर-२० सरळ सरस. पहिले नऊ दिवस रोज आठ सामने, तेही एकमेकांवर चढलेले, असा अंडर-१७चा साखळी टप्पा माणसाने बघावा कसा? दर्जाही वर-खाली होतो. २०२५ मध्ये मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाला १६-० हरवलं. असला सामना पोरांना दाखवून शिकवणार काय? गंमत अशी की मोरोक्को त्याआधी जपानकडून ०-२ आणि पोर्तुगालकडून ०-६ हरला होता. गटात तिसरा येऊनही त्या सोळा गोलांच्या फरकावर तो बाद फेरीत गेला. बारा गटांतले पहिले दोन आणि उत्तम आठ तिसरे, अशी रचना असली की गोलफरक हे चलन होतं, आणि कमकुवत संघाविरुद्ध कुणीच पाय मागे घेत नाही.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या दोन फेऱ्यांचे नुसते निकाल बघायचे. तिसऱ्या फेरीत, गटातल्या दोघांना अजून संधी आहे असे दोन-तीन सामने निवडायचे. मग ३२ संघांच्या फेरीपासून नीट बसायचं. अशा रीतीने साधारण चौतीस-पस्तीस सामने होतात, आणि तेवढे पुरतात.

बाद फेरीतला एक फरक प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावा. अंडर-१७ मध्ये बरोबरी झाली की अतिरिक्त वेळ नाही, थेट पेनल्टी. २०२५च्या उपांत्य फेरीत पोर्तुगाल आणि ब्राझील ०-० राहिले आणि पोर्तुगालने ६-५ अशी बाजी मारली. सोळा वर्षांच्या पायांना १२० मिनिटं नकोत हे मान्य, पण त्यामुळे दुबळा संघ सत्तराव्या मिनिटापासून वेळ काढू लागतो आणि शेवटची वीस मिनिटं सपक होतात. अंडर-२० मध्ये अतिरिक्त वेळ असतो, आणि त्या अर्ध्या तासात प्रशिक्षकाचं डोकं दिसतं. चिलीत मोरोक्को-फ्रान्स उपांत्य सामना १-१ असा लांबला. शूटआउटच्या तोंडावर मोरोक्कोने गोलरक्षक बदलला आणि त्यानेच फ्रान्सची शेवटची पेनल्टी अडवली. बदली खेळाडूंचा हिशेब १२० मिनिटांचा धरून एक जागा राखून ठेवावी लागते, हे शिकवायला याहून चांगला नमुना नाही.

इथवर अंडर-२० पुढे आहे, हे मी नाकारत नाही. माझं गाडं अडलं ते खेळाडूंच्या यादीवर.

राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडणं क्लबांना बंधनकारक असतं, पण ते मुख्य संघाच्या ठरलेल्या तारखांपुरतं. युवा वर्ल्ड कपला हे बंधन नाही. क्लबाने ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. सोळाव्या वर्षी हे फारसं टोचत नाही, कारण त्या वयात क्लबच्या पहिल्या संघात पोचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकोणिसाव्या वर्षी मात्र जो खरोखर चांगला आहे तो शनिवारी-रविवारी लीग खेळत असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे हंगामाचं तोंड. चिलीला लामिन यमाल आणि पाउ कुबार्सी वयात बसत होते, स्पेनच्या संघात नव्हते. ब्राझीलकडे एन्द्रिक आणि एस्तेव्हाओ नव्हते, अर्जेंटिनाकडे मास्तान्तुओनो आणि एचेव्हेरी नव्हते. ब्राझील इतिहासात पहिल्यांदा साखळीतच बाहेर पडला, तोही गटात शेवटचा येऊन. कारण एवढं एकच होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. पण बघणाऱ्याच्या हाती काय येतं? त्या पिढीचा उत्तम खेळ की सुटी मिळालेल्यांचा खेळ, हे कळायला मार्ग नाही.

ऐन वेळी खेळाडू बदलला की मैदानावर ते दोन जागी उघडं पडतं. एक, बचावफळी ऑफसाइडसाठी एकदम वर सरकते तेव्हा नवा आलेला अर्धा पाऊल मागे राहतो. दोन, कॉर्नरला कुणी पहिला खांब धरायचा आणि कुणी माणूस धरायचा याची वाटणी चुकते. अंडर-२०च्या पहिल्या सामन्यांत या दोन गोष्टींवर नजर ठेवा. ज्या संघाची यादी शेवटच्या आठवड्यात फाटली तो ओळखू येतो.

अंडर-१७ यातून पूर्ण सुटलेला नाही, आणि ते गोव्याला वेगळं सांगायला नको. २१ ऑक्टोबर २०१७ला फातोर्ड्याला इंग्लंडने अमेरिकेला ४-१ हरवलं. ब्रूस्टरची हॅटट्रिक झाली, फोडन खेळला, पण जेडन सँचो नव्हता. त्याच्या जर्मन क्लबाने साखळी सामने होताच त्याला परत बोलावलं होतं. आठवडाभर आधी त्याच मैदानात ब्राझीलने नायजरला २-० हरवलं तेव्हा व्हिनिसियसही नव्हता. नाव यादीत आलं होतं, क्लबाने सोडलं नाही. म्हणजे दुखणं तेच, फक्त मात्रा कमी. एका संघातला एखादा जातो, उरलेले वीस जण दोन-तीन वर्षं एकत्र खेळलेले असतात. २०२५चा विजेता पोर्तुगाल त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सला ३-० हरवून युरोपचा अंडर-१७ विजेता झाला होता. नोव्हेंबरात ऑस्ट्रियाला १-० हरवणारा संघ तिथून घडत आलेला. बांधलेला संघ कसा दिसतो ते बघायचं असेल तर ते इथे दिसतं.

वयाची खात्री हा दुसरा मुद्दा. आपल्याकडच्या वयोगटांच्या स्पर्धांत जन्मदाखल्यावरून होणारे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना तो लगेच पटेल. अंडर-१७ वर्ल्ड कपला २००९पासून मनगटाचा एमआरआय वापरला जातो. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते. ती पूर्ण जुळलेली दिसली तर खेळाडू बाद. लवकर वाढलेल्या एखाद्या खऱ्या सोळा वर्षांच्या मुलावर यात क्वचित अन्याय होऊ शकतो, पण एकवीस वर्षांचा बाप्या आत शिरत नाही. अंडर-२०ला ही कसोटी लावताच येत नाही, कारण त्या वयात पट्टी बहुतेकांची जुळलेलीच असते. तिथे भिस्त कागदावर.

दरवर्षी स्पर्धा होण्याला बरीच मंडळी नावं ठेवतात. मला मात्र त्यात एक न्याय दिसतो. दोन वर्षांतून एकदा स्पर्धा असताना २०१७ला १ जानेवारी २००० नंतर जन्मलेले पात्र होते, २०१९ला १ जानेवारी २००२ नंतरचे. २००१ साली जन्मलेला मुलगा २०१७ला एक वर्षाने लहान आणि २०१९ला बाद. आता २०२५ला २००८चे, २०२६ला २००९चे, असा प्रत्येक सालाला पूर्ण वयात एक वर्ल्ड कप मिळतो. अंडर-२०मध्ये ही अडचण तशीच आहे. २०२५ला २००५ आणि २०२७ला २००७ अशी रेघ आहे, मधले २००६वाले अडकले. रेघ जानेवारीची असल्याने डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला वर्षभराने मोठ्यांशी झुंजावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच.

भारताचं म्हणाल तर अंडर-२०ला आपण अजून एकदाही पोचलेलो नाही. अंडर-१७ला २०१७ साली यजमान म्हणून खेळलो आणि कोलंबियाविरुद्ध जीकसनचा एकमेव गोल झाला. आशियातून अंडर-२०ला चार संघ जातात, म्हणजे उपांत्य फेरी गाठावी लागते. अंडर-१७ला उपांत्यपूर्व फेरी पुरते. ३० नोव्हेंबर २०२५ला आपले प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या भारतीय अंडर-१७ संघाने अहमदाबादेत इराणला २-१ हरवून २०२६च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दार कुठलं जवळ आहे ते यावरून दिसतं.

तुमचा मुलगा सतरा-अठराचा असेल आणि गोवा प्रो लीगमधल्या एखाद्या क्लबात दार ठोठावत असेल, तर मात्र अंडर-२०च बघा. धक्काबुक्की, वेग, चेंडू मिळायच्या आधी मान वळवून मागे बघणं, हे सगळं मोठ्यांच्या खेळाजवळचं असतं. तेरा ते सोळा वयाच्या पोरांना तोच सामना दाखवला तर ती ताकद बघून हबकतात आणि नेमकं घ्यायचं ते राहून जातं. अंडर-१७चा खेळाडू त्यांना दोन वर्षांवरचा दादा वाटतो.

दाखवताना नव्वद मिनिटं दाखवू नका. वीस मिनिटांचा तुकडा घ्या, शक्यतो दुसऱ्या सत्राची सुरुवात. प्रत्येकाला आपल्याच जागेवरचा एक खेळाडू द्या आणि त्याचा संघ चेंडू गमावतो त्यानंतरच्या पाच सेकंदांत तो काय करतो तेवढंच वहीत लिहायला सांगा. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे विंगर आणि मागचे बचावपटू बराच वेळ दिसत नाहीत. हे काम मधल्या फळीतल्या पोरांपासून सुरू करा. संघाची यादी जाहीर झाली की जन्मतारीख आणि क्लब यांचे दोन रकाने आखून ठेवा. अंडर-२०ची यादी घेतलीतच, तर पहिल्या सामन्याच्या सकाळी ती पुन्हा एकदा ताडून बघा.