ऑटोमॅटिकचं तेल: गॅरेजातलं मशीन की घरचे तीन रविवार?

माझी गाडी २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. (२०१४ पासूनच्या ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेला गिअरबॉक्स. तिचं तेलच वेगळं, त्यामुळे इथलं तिला लावू नका.) गिअरबॉक्सचं तेल दोन्ही प्रकारे बदलून पाहिलंय: एकदा गॅरेजात मशीनवर, पुढे दोनदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

मशीनचं कौतुक आधी. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांना मशीनच्या नळ्या जोडल्या की नवं तेल आत, जुनं बाहेर. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) अडून बसलेलंही निघतं आणि हात काळे होत नाहीत. घरी ड्रेन बोल्ट (गिअरबॉक्सचं तेल सोडायचा खालचा बोल्ट) काढला की माझ्या गाडीतून जेमतेम अडीच लिटर पडतं, आत असतं सहाच्या आसपास. म्हणून भरायचं, सगळे गिअर फिरवायचे, गाडी चालवायची आणि पुन्हा काढायचं. मी हे तीन रविवारी करतो. एवढं करूनही पाचवा हिस्सा जुनाच राहतो. हिशेबात मशीन जिंकतं, मान्य.

मला खटकला तो बोल्ट. त्याच्या टोकाला चुंबक असतं आणि लोखंडाची झीज त्यावर जमते. गिअरबॉक्सची तब्येत बाहेरून कळायची ती बहुतेक तिथूनच, आणि मशीनच्या कामात तो उघडतच नाहीत. मी म्हटलं, "तेवढा बोल्ट काढून दाखव ना." तर गॅरेजातला पोरगा म्हणाला, "काका, मशीनने सगळं क्लीन होतं." पैसे देऊन निघालो, पण रस्ताभर तेच डोक्यात. नंतर घरी बोल्ट काढला तर चुंबकावर करड्या चिखलाची चांगली जाड टोपी! बोटांत चोळली, मऊ लागली, जीव भांड्यात पडला. कीस किंवा तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. पण ती टोपी मशीनच्या आधीपासून तिथेच बसलेली असणार, असं आपलं मला वाटतं.

घरचं काम अवघड नाही, चिकट आहे. बोल्टला चौकोनी खाच असते, ३/८ इंचाचा रॅचेट थेट बसतो. वॉशर दर वेळी नवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. निघालेलं तेल बाटल्यांत मोजायचं आणि तेवढंच डीडब्ल्यू-१ (होंडाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बारीक नरसाळ्याने भरायचं. पातळी बघताना गाडी सपाटीवर हवी. इंजिन तापवून, पंखा फिरून गेल्यावर बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक ओढायची. पहिल्या खेपेला मी निवांत चहा पिऊन आलो आणि आकडा भलताच दिसला.

गिअरबॉक्सच्या तेलासाठी वरून लावायच्या जास्तीच्या कूलरबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. मे महिन्यात चार माणसं, एसी चालू, खंबाटकी आणि लागोपाठ पसरणी चढली की दुसऱ्याचा तिसरा पडताना हलकासा झटका बसायचा. तेल बदलल्यावर तो जवळजवळ गेला. कूलर मी त्यानंतर लावला, त्यामुळे श्रेय तेलालाच देतो. वर्षातून दोनदा घाट चढणाऱ्याने स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर दुसऱ्या-तिसऱ्यात धरून ठेवला तरी बरंच भागतं. लावायचाच असेल तर रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या पाइपवर लावा, आणि नळी गरम तेलाला चालणारीच घ्या. पेट्रोलची नळी स्वस्तात मिळते म्हणून तिच्या नादी लागू नका.

गाडी लाख-दीड लाख किलोमीटर फिरली, तेल कधीच बदललं नाही आणि गिअर आत्ताच घसरतोय, तर माझ्यासारखा भित्रा माणूस तिला मशीनजवळ नेणार नाही. बाकी नीट चालणाऱ्या गाडीला मशीनने काही होईल असं नाही. तुमच्या पार्किंगला उतार असेल किंवा सेक्रेटरी खडूस असतील, तर गॅरेजातच जा. फक्त बोल्ट तुमच्यासमोर काढायला लावा, आणि नवा वॉशर खिशात घेऊन जा. तो त्यांच्याकडे हमखास नसतो.