सेंट मार्टिन्स थिएटर, लंडन: आईला घेऊन 'माऊसट्रॅप' बघितलं

लंडनला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की एखादं म्युझियम कमी बघा, पण वेस्ट स्ट्रीटवरच्या सेंट मार्टिन्सला अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' हे रहस्यनाटक बघाच. मागच्या महिन्यात आई आली होती, तिला घेऊन दुसऱ्यांदा गेले आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. खुनी कोण ते सांगणार नाहीये, बिनधास्त वाचा.

आत शिरलं की लॉबीत एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर आजचा प्रयोग कितवा तो आकडा लावलेला असतो. पेपरातल्या जाहिरातीत '३०० वा प्रयोग' वाचत मोठी झालेली माझी आई त्या बोर्डासमोर उभीच राहिली, म्हणे "अगं एवढे प्रयोग?" हो, एवढे! २५ नोव्हेंबर १९५२ ला शेजारच्या अ‍ॅम्बॅसेडर्स थिएटरला सुरू झालं, १९७४ मध्ये इथे आलं, २५,००० वा प्रयोग २०१२ मध्येच झाला आणि मार्च २०२० ला कोविडमुळे थांबावं लागलं तोपर्यंत सलग चालू होतं. ख्रिस्तीबाईंचा स्वतःचा अंदाज होता आठेक महिन्यांचा! या नाटकाचे हक्कही त्यांनी नातवाला नवव्या वाढदिवसाला भेट देऊन टाकले होते.

पण नुसतं रेकॉर्ड बघायला जाऊ नका. बाईंना सगळे ओळखतात ते पॉयरो आणि मिस मार्पल या त्यांच्या गोष्टींतल्या गुप्तहेरांमुळे, नाटककार म्हणून त्या किती पक्क्या होत्या हे मला तरी इथे बसल्यावरच कळलं (१९५४ मध्ये वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या नाटकांच्या भागात, त्यांची तीन नाटकं एकाच वेळी चालू होती). आता हेच बघा, सगळं नाटक एका हॉलमध्ये, मागे मोठी खिडकी, बाहेर बर्फ पडतोय, नवरा-बायकोने नुकतंच गेस्टहाऊस काढलंय आणि रेडिओवर लंडनमधल्या खुनाची बातमी लागते, संशयिताच्या अंगात गडद ओव्हरकोट, गळ्यात मफलर, डोक्यावर हॅट. मग एकेक पाहुणा यायला लागतो आणि जो येतो त्याचा कोट तसाच! संवाद कळायची गरजच नाही, डोळ्यांनीच संशय येत जातो. आईने मराठी अनुवाद भरपूर वाचलेत पण भरभर बोललेलं इंग्रजी तिला झेपत नाही, त्याचीच मला धास्ती होती, तर पूर्ण नाटकात तिने मला दोनदाच विचारलं असेल. पहिल्या अंकाच्या शेवटी दिवे जातात, अंधारात एक शीळ ऐकू येते, तेव्हा तिने माझं मनगट जे धरलं ते पडदा पडेपर्यंत सोडलं नाही.

आणि हे नुसतं कोडं नाहीये. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेतावर सांभाळायला ठेवलेला १२ वर्षांचा मुलगा हाल होऊन मेला होता, त्या खऱ्या घटनेवरून बाईंना हा विषय सुचला. आधी त्याची छोटी रेडिओ नाटिका झाली, १९४७ मध्ये, राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त, आणि मग हे नाटक. ते माहीत असलं की दुसरा अंक फार आत लागतो. मला या वेळी लागला.

थिएटर छोटंसं, जुनं, १९१६ चं. कलाकारांचे चेहरे नीट दिसतात, स्टाफ प्रेमाने बोलतो, आईला हात धरून जागेवर नेऊन बसवलं. सेटवर शेकोटीच्या वरचं घड्याळ नक्की बघा, १९५२ च्या मूळ प्रयोगातली तेवढी एकच वस्तू उरलीय. मध्यंतरात वडा-चहा नाही, आइस्क्रीमचे छोटे कप मिळतात, इकडे तीच पद्धत आहे. तिकीट मात्र थिएटरच्या स्वतःच्या साईटवरूनच काढा, मी पहिल्या वेळी एका भलत्याच साईटवरून काढलं तर शेवटच्या पानावर फी वाढवून लावली, पैसे भरेपर्यंत कळलं नाही. लेस्टर स्क्वेअर स्टेशनवरून चालत पाच मिनिटं, वाटेतच ख्रिस्तीबाईंचं पुस्तकाच्या आकाराचं स्मारक लागतं, तिथे फोटो काढून घ्या.

शेवटी कलाकार स्टेजवरून विनंती करतात की रहस्य बाहेर फोडू नका. रात्री नाशिकहून मावशीचा फोन आला, कोण निघालं गं खुनी म्हणून दहा वेळा विचारून झालं, आई म्हणाली, "तू इकडे ये आणि बघ." आता पुढच्या वेळी कौंटी हॉलमध्ये ख्रिस्तीबाईंचंच 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' बघायचं ठरलंय, ते म्हणे खऱ्याखुऱ्या जुन्या सभागृहात बसून बघतात, दोन तिकिटं आई घरी परत गेली की लगेच काढणार आहे. दोन नाही, तीन.